मिस्त्रीचा कान

मोटारदुरुस्तीचं दुकान म्हणलं की लोकांना वाटतं, तिथं दिवसभर मोटारींचा आवाज असेल. आमच्याकडं माणसांचाच आवाज जास्त. गिऱ्हाईक आलं की बोनट उघडायच्या आधी स्वतःचं तोंड उघडायचं. ‘मिस्त्री, चढ लागला की अस्सं कर्र्र करायलीय बघा,’ म्हणायचं अन् दात खात उभं राहायचं. वकीलसाहेबांचा ड्रायव्हर गाल फुगवून फुस्स-टक, फुस्स-टक करायचा आणि मधेच स्वतःलाच हसायचा. पालमचा लॉरीवाला तर छातीवर मूठ आपटून दाखवायचा, जसा काही बिघाड लॉरीत नसून त्याच्या बरगडीतच झालाय. मी मागं घमेल्यात घासलेट घेऊन पार्ट धुवत बसायचे अन् पदराआड हसायचे. चांगली मिशा राखलेली धडधाकट माणसं, पण आपल्या मोटारीची नक्कल करताना लेकरावाणी व्हायची.

परभणीत गंगाखेड रस्त्याला आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रे अन् मागं एक खोली. त्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. आता तिथं काय आहे मला माहीत नाही. मी त्या रस्त्यानं जात नाही.

मिस्त्री म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, अन् ‘अवो, अवो’ करायला मला मेलं कसंतरीच वाटायचं. अख्खा रस्ता मिस्त्री म्हणायचा, मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. ते हैदराबादेत एका उस्तादापाशी काम शिकले होते. पोलीस ॲक्शन झाल्यावर गावाकडं आले ते परत गेले नाहीत. लष्करानं काढून टाकलेल्या लॉऱ्या लोकांनी लिलावात घेतल्या होत्या अन् त्यात कापूस, भुईमूग भरून परभणीला आणत होते. त्या लॉऱ्या म्हणजे निम्म्या मेलेल्याच. त्यामुळं कामाला तोटा नव्हता.

पण मिस्त्री दुसरेही होते परभणीत. मग आमच्याकडंच गंगाखेडहून, पालमहून, राणीसावरगावाहून लोक का यायचे? तर मिस्त्रींच्या कानासाठी. दुसरे लोक आधी इंजन खोलायचे अन् मग बिघाड हुडकायचे. खोलून टाकलेलं इंजन आठ-आठ दिवस पोत्यावर पडून असायचं. आमचे मिस्त्री पान्याला हातच लावायचे नाहीत. बाभळीची एक हातभर काठी होती त्यांच्यापाशी, घासून घासून तुळतुळीत झालेली. इंजन चालू करायला लावायचे, काठीचं एक टोक इंजनावर ठेवायचे, दुसरं कानात. डोळे मिटून घ्यायचे. सगळे गप्प. हातातली विडीसुद्धा कुणी ओढायचं नाही. मग काठी काढून म्हणायचे, ‘तिसऱ्या पिस्टनचं बेरिंग गेलंय. बाकी हात लावायचं काम न्हाई.’ अन् तेवढंच खोलायचे. लग्न होऊन आल्यापासून ते एकदाही चुकलेले मी पाहिले नाहीत. आमचं पोट त्या कानावर होतं अन् इज्जतही त्यावरच होती.

तशी गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची यायची. पोखर्णीकडचा एक मेंढरं राखणारा म्हातारा होता. त्याच्याकडं मोटार सोडा, सायकलही नव्हती. तरी दर बाजाराच्या दिवशी यायचा अन् खांबाला टेकून बसायचा.

‘मिस्त्री, एखादा भोंगा असला तर द्या की.’

‘मामा, भोंगा काय मेंढराला बांधायचाय व्हय?’

‘मला वाजवायचाय. रस्त्यावरून मेंढरं हलंनात. मी बोंबलून मरायलोय, माझं ऐकत न्हाईत. मोटारीनं एकदा पों केलं की कशी पळतेत!’

शेवटी मिस्त्रींनी एका भंगार मोटारीचा रबरी भोंगा त्याला देऊन टाकला. म्हातारा रस्ताभर पों पों करत गेला, अन् टांग्याची घोडी बिथरली म्हणून टांगेवाला आमच्याच अंगावर आला भांडायला. मिस्त्री हसून हसून बेजार. असे होते ते. कमी बोलायचे, पण हसायचे लय.

कान जायला लागला तो कधी, ते नेमकं सांगता यायचं नाही. मला पहिल्यांदा कळलं ते स्टेशनातल्या शिट्टीवरून. दुपारची गाडी शिट्टी मारून गेली अन् अर्ध्या घटकेनं मिस्त्री मला विचारतात, ‘आज गाडी लेट हाय का गं?’ मी म्हणलं, ‘गेली की आत्ता. कुठं ध्यान हाय तुमचं?’ ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना आधीच माहीत होतं, हे मला त्या बघण्यावरून कळलं.

मग काठी कानातून दातात आली. टोक दातांत घट्ट धरलं की डोक्याच्या हाडातून आवाज कळतो म्हणाले. गिऱ्हाइकांना त्याचं भारी कौतुक! वकीलसाहेबांचा ड्रायव्हर चार लोकांना सांगायचा, ‘आमचा मिस्त्री आता दातानं ऐकायलाय.’ मिस्त्री त्याला म्हणाले, उस्तादानं शेवटी शिकवलेली विद्या आहे ही. धादांत खोटं. पण चाललं वरीसभर.

औषधपाणी केलं नाही असं नाही. लसणाचं तेल घातलं, रुईचं पान गरम करून त्याचा रस घातला, पोखर्णीच्या नरसिंहाचे शनिवार धरले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं चिमट्यासारखं एक लोखंड कानामागं धरून वाजवलं अन् माझ्याकडं बघून मान हलवली. ‘बाई, हे आता वाढतच जाणार. यावर औषध नाही.’ मिस्त्री मला विचारतात, काय म्हणला? मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, ‘बरं व्हईल म्हणतो!’ दवाखान्यातल्या समद्या लोकांनी माना वळवल्या. डाव्या कानात अजून तेवढं जायचं, जोरात ओरडलं तर.

आता एक गोष्ट सांगते. ही मी मिस्त्रींना कधीच सांगितली नाही. त्यांचा कान जायला लागला त्याच्या आधीच्या दसऱ्याला मी हत्यारं धुतली, पाने-पेचकस मांडले, हळदकुंकू वाहिलं, अन् नारळ फुटल्यावर मला कळलं की मी बाजूला बसायला पाहिजे होतं. चार दिवस पुढं असतील असा माझा हिशेब होता, तो चुकला. कुणाला बोलले नाही. गपचूप डोक्यावरून पाणी घेतलं अन् बसले. पुढं चार-सहा महिन्यांत हे शिट्टीचं झालं. माझ्या मनानं घेतलं की हे माझ्यामुळंच. हत्यार म्हणजे देव, देवाला विटाळ केला, अन् देवानं ह्यांचा कान नेला. आता ह्या वयात मला चांगलं कळतं की त्यांच्या कानाचा अन् माझ्या विटाळाचा काडीचा संबंध नव्हता. पण तेव्हा मी अडाणी, लिहिता-वाचता येत नव्हतं, हे लिहायचं-बिहायचं लय उशिरा शिकले. तेव्हा कुणी समजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं. डोकं माझंही काही कमी कडक नव्हतं.

दातानंही नीट कळेना, तेव्हा एका दुपारी मिस्त्रींनी मला हाक मारली. दुकानात कुणी नव्हतं. एक लॉरी उभी होती, तिचं इंजन चालू करून ठेवलं होतं. काठी माझ्या हातात दिली.

‘ऐक.’

‘मी? मला काय कळतंय त्यातलं?’

‘तुला कान हाय न्हवं? ऐक अन् कशासारखं वाजायलंय ते सांग.’

मी काठी कानाला लावली अन् दचकून सोडूनच दिली. आत एवढा मोठा कारखाना चालू होता! मग परत लावली. बराच वेळ ऐकल्यावर त्या गोंगाटात एक निराळा आवाज सापडला. मी त्यांच्या कानात ओरडले, ‘उखळात मुसळ पडल्यावाणी!’ मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘बेरिंग!’ म्हणाले. खोलून बघितलं तर बेरिंगच होतं.

तिथून आमची शाळा सुरू झाली. बांगड्या किणकिणल्यासारखं वाजलं की झडपांचे टॅपेट सैल. जात्यात खडा आल्यासारखं घरघरलं की गिअरपेटी. हंड्यात पाणी ओतल्यासारखं बुडबुडलं की पाण्याची वाट कुठंतरी अडली. मी सारी गृहस्थी त्या इंजनात ऐकायला लागले. तीन महिन्यांत माझा कान तयार झाला. पुढं पुढं तर मला काठीही लागायची नाही, सहा पावलांवरून कळायचं.

पण बाईमाणसानं चार ड्रायव्हरांच्या समोर सांगायचं कसं? अन् मी बोलले तर मिस्त्रींचं काय राहिलं? त्यावर त्यांनीच तोड काढली. गिऱ्हाइकानं इंजन चालू केलं की ते नेहमीसारखी काठी दातांत धरून डोळे मिटायचे. मी घमेल्यापाशी ऐकायचे. अन् मग हत्यारं नेऊन द्यायच्या निमित्तानं उठायचे, त्यांच्या उजव्या बाजूला पोत्यावर हत्यारं मांडायचे. मोठा पाना पुढं ठेवला की बेरिंग. लहान पाना अन् फट मापायची पातळ पत्ती ठेवली की टॅपेट. पेचकस ठेवला तर पेट्रोलची वाट तपासायची. मिस्त्री डोळे उघडायचे, पोत्याकडं एकदा बघायचे अन् म्हणायचे, ‘टॅपेट सैल झालेत.’ बायको नवऱ्याला हत्यारं देतीय, यात कुणाला काय दिसणार? तीन वर्षं आम्ही असं निभावलं. हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, मोटारींचे नंबर बदलले, लोक म्हणायचे आता रस्ते होणार, शाळा होणार. आमच्या पत्र्याखाली फक्त एवढीच काळजी होती की कुणाला कळू नये.

ह्या लपवालपवीत मिस्त्री बदलून गेले. आधी कमी बोलणारा माणूस, तो आता सारखा बोलायला लागला. कारण आपण बोलत राहिलो की दुसऱ्याचं ऐकायची पाळी येत नाही. कुणी आलं की हेच सुरू, पाऊसपाणी कसं, कापसाला भाव काय, अन् उत्तर यायच्या आधी पुढचा सवाल. अन् कुणी मधेच काही विचारलं अन् ऐकू आलं नाही, तर खेकसायचे, ‘मला शिकवायचं काम न्हाई!’ राणीसावरगावचा एक बिचारा नुसतं ‘पाणी मिळंल का?’ म्हणला होता, त्यालाही हेच मिळालं. लोक म्हणायला लागले, मिस्त्री तऱ्हेवाईक झालाय. मला वाटायचं, म्हणू द्या. तऱ्हेवाईक म्हणा, माजोरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, फक्त तेवढा एक शब्द म्हणू नका.

अडचण होती ती महिन्यातल्या चार दिवसांची. कावळा शिवला की मी मागच्या भिंतीपाशी कांबळं टाकून बसायचे. माझी भाकरी शेजारीण वरून टाकायची, मिस्त्री स्वतःपुरतं रांधून घ्यायचे. घमेल्याला हात नाही, हत्याराला तर नाहीच नाही. मग ते चार दिवस मिस्त्री कुणाच्याच इंजनाला काठी लावायचे नाहीत. गाडी आली की म्हणायचे, ‘ठेवून जा,’ न्हाईतर ‘शुक्रवारी या, आज काम लय हाय.’ अन् दुकानात तर चिटपाखरू नसायचं. पोटी लेकरू नव्हतं आम्हाला, त्यामुळं महिना कधी चुकला नाही. दर महिन्याला चार दिवस दुकानाचा कान बंद.

एकदा मिस्त्रींनी माझी विनवणी केली. तेव्हा राणीसावरगावची एक मोटार परत पाठवली होती अन् मालक चिडून गेला होता. मिस्त्री माझ्या कांबळ्यापासून तीन हात लांब उभे राहिले, तेवढ्याच अंतरावर उभं राहायचं असायचं.

‘कोण बघायलंय गं? तू नेहमीसारखी हत्यारं मांड. कुणाला काय कळतंय, तू बाजूला हायेस का न्हाई?’

मी मान हलवली.

‘मी सांगायलोय ना. माझं हत्यार, माझा देव. मला चालतंय.’

मी परत मान हलवली. त्यांना वाटलं, बाई जुन्या वळणाची आहे, हट्टी आहे. मला दसरा दिसत होता डोळ्यांसमोर. एका कानाचं माझ्या हातून जे झालं ते झालं, आता उरलेल्या डाव्या कानातलं जे काय थोडंफार आहे तेही मी घालवू का? ओरडून सगळं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण असली गोष्ट रस्त्यावर ओरडायची कशी? आम्हा दोघांत हळू बोलायची सोयच राहिली नव्हती. बाकीच्या नवरा-बायकोंत कुजबुज असते. आमच्यात जे काही होतं ते सगळं मोठ्यानं होतं, न्हाईतर नव्हतंच.

पालमच्या लॉरीवाल्याला आम्ही लागोपाठ तीन महिने परत पाठवलं. त्यात त्याची चूक नव्हती, त्याच्या फेऱ्याच नेमक्या त्या दिवसांत यायच्या. माणूस वाईट नव्हता हो. ‘वैनी, पाणी द्या,’ म्हणून हक्कानं मागायचा, भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायचा. पण ड्रायव्हर जात लय बारीक नजरेची. रस्त्यावरचा खड्डा लक्षात ठेवणारी माणसं ती. मिस्त्री काम घेत नाहीत तेव्हा मी नेमकी कुठं बसलेली असते, हे त्यानं तीनदा बघितलं होतं.

चौथ्या महिन्यात तो आला तो माझा तिसरा दिवस होता. सकाळची दहाची वेळ असेल. लॉरीत कापूस गच्च भरलेला. वकीलसाहेबांचा ड्रायव्हरही तिथंच होता, चहा पीत. समोर चहावाल्याचं खोपट होतं, तिथं आणखी पाच-सात जण, एक टांगेवाला. लॉरीवाला उतरला, त्यानं आधी माझ्या कांबळ्याकडं बघितलं अन् मग मिस्त्रींकडं गेला. हातवारे करून, मोठ्यानं म्हणाला,

‘मिस्त्री, आज ऐकल्याबिगर हलायचा न्हाई मी. जिनिंगवाला बोंब मारायलाय. काठी लावा!’

मिस्त्रींनी ‘काम लय हाय’ म्हणून बघितलं. दुकान तर रिकामं. लॉरीवाल्यानं इंजन चालूच ठेवलं होतं. सगळ्यांच्या देखत आता नाही म्हणायला जागा नव्हती. मिस्त्रींनी काठी घेतली, दातांत धरली, डोळे मिटले.

मला बसल्या जागी ऐकू येत होतं. टॅपेट होते. स्वच्छ बांगड्या वाजत होत्या. लहान पाना अन् पत्ती, एवढंच. अर्ध्या तासाचं काम. हत्यारांचं पोतं माझ्यापासून सहा पावलांवर होतं.

मिस्त्रींनी डोळे उघडले अन् माझ्याकडं बघितलं. मी हात वर करून मनगट हलवलं, बांगड्या दाखवल्या. तेवढ्यात लॉरीवाला मधे येऊन उभा राहिला. मुद्दाम उभा राहिला, मला दिसलं ते. मी उजवीकडं वाकले, तो उजवीकडं सरकला. डावीकडं वाकले, डावीकडं सरकला. वकीलसाहेबांचा ड्रायव्हर चहाचा कप तसाच धरून बघत होता.

सहा पावलं. उठायचं, दोन हत्यारं उचलून ठेवायची, परत येऊन बसायचं. कुणी मेलं नसतं. मी उठले नाही. पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिले. त्या बसण्याचा मला आजही संताप येतो. वाटतं, त्या बाईला जाऊन दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात.

मिस्त्रींनी खूप वेळ पोत्याकडं बघितलं, जसं काही हत्यारं आपोआप सरकून पुढं येतील. मग मोठा पाना उचलला. लॉरीवाल्याला म्हणाले, ‘बेरिंग गेलंय. इंजन बंद कर.’ अन् गुडघ्यावर बसून खालचे नट ढिले करायला लागले. त्यांची पाठ सगळ्यांकडं होती.

लॉरीवाल्यानं इंजन बंद केलं. एकदम शांत झालं. मग तो साध्याच आवाजात, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला,

‘बघा, म्हणलं न्हवतं का? मिस्त्रीचा कान तिकडं कांबळ्यावर बसलाय. चार दिस शिवायचा न्हाई.’

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकेकानं माझ्याकडं बघितलं अन् हशा फुटला. चहाच्या खोपटातले उठून उभे राहिले बघायला. मिस्त्री नट फिरवत होते. मला धरणीनं गिळलं असतं तर बरं वाटलं असतं. माझं बाजूला बसणं आता अख्ख्या गंगाखेड रस्त्याच्या तोंडात गेलं होतं, अन् त्या माणसाची वीस वर्षांची विद्याही. दोन्ही एकाच वाक्यात.

पाना ठेवायला मिस्त्री मागं वळले. बघतात तर सगळे हसायलेत. त्यांनी एकदा ह्याच्या तोंडाकडं बघितलं, एकदा त्याच्या, अन् मग तेही हसायला लागले. मोठ्यानं. मान डोलवून, ‘हां हां’ करत, जसा काही विनोद त्यांनाच पहिल्यांदा कळलाय.

तेव्हा वकीलसाहेबांच्या ड्रायव्हरनं मान खाली घातली. लॉरीवाल्याचंही हसू बसलं. त्यानं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून राहू द्या अशी खूण केली, ढिले केलेले नट स्वतःच बसवले, हँडल मारलं अन् लॉरी घेऊन गेला. ती परत आली नाही. पंधरा दिवसांत वकीलसाहेबांची मोटार स्टेशनाकडच्या नव्या दुकानात जायला लागली, अन् मग बाकीच्याही. पण ते सगळं नंतर.

लॉरी गेल्यावर मिस्त्री माझ्याकडं आले. तीन हात लांब थांबले. चेहऱ्यावर ते हसू अजून तसंच चिकटलेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

‘काय म्हणला तो?’

मी हातानं खूण केली, काही नाही, असंच.

‘लोक हसले ते काय म्हणून?’

मी कापसाकडं, लॉरीच्या वाटेकडं बोट दाखवून काहीबाही सांगायला बघितलं. त्यांनी मान हलवली.

‘मला येडा समजू नको. त्यांच्यात हसलो मी, मला कळू दे तरी कशाला हसलो. सांग. जे म्हणला ते तसंच सांग.’

खोपटातले लोक अजून उभेच होते. कुणी गेलं नव्हतं.  मिस्त्रींनी पाय हलवला नाही. मग मी उठले, कांबळ्यावरून उतरले, ते तीन हात ओलांडले अन् त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तिसरा दिवस होता माझा. ‘अगं, शिवलीस...’ म्हणाले ते. मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं अन् ओरडले.

‘मिस्त्रीचा कान कांबळ्यावर बसलाय म्हणला! चार दिस शिवायचा न्हाई म्हणला!’

‘काय?’

मी श्वास घेतला अन् परत ओरडले, होता तेवढा जीव एकवटून. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. टांगेवाला घोडीचा लगाम धरून थांबला. शेजारीण दारात आली. माझा घसा फाटला, मी तिसऱ्यांदा ओरडले. शब्द न् शब्द पार त्या टोकापर्यंत गेला असेल.

मी डोकं सोडलं. मिस्त्री डावा कान तसाच पुढं करून माझ्या तोंडाकडं बघत होते. हळूच म्हणाले,

‘घाबरू नको. सांग की.’